पाळणा कोणी थांबवावा?

शेतकऱ्याच्या घरी बैल घ्यावयाचा झाला तर चार शहाणी माणसे एकत्र बसतात. दात पाहतात, खूर पाहतात, चाल पाहतात, आणि मग पैसे मोजतात. बियाणे घ्यावयाचे तर तीन दुकाने हिंडून भाव व गुण विचारतात. परंतु त्याच घरातील सुनेस मूल केव्हा व्हावे, दोन मुलांत अंतर किती असावे आणि पुढे मूल नको असल्यास उपाय कोणता करावा, या गोष्टीचा विचार करावयास मात्र कोणी बसत नाही. दोन-तीन लेकरे झाली, त्यांत एक मुलगा झाला, की सासूबाई म्हणतात, "आता ऑपरेशन करून घे." नवरा मान डोलावतो आणि सून सरकारी दवाखान्याच्या गाडीत जाऊन बसते. यास आपल्याकडे कुटुंबनियोजन असे नाव आहे. आमच्या मते हे नियोजन नव्हे. यात निवड नाही, विचार नाही, आणि कुटुंब तर मुळीच नाही. आहे ती एकटी बाई.

हा विषय शाळामास्तराचा कसा, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर शाळेच्या हजेरीपटात आहे. मुरुमच्या आसपासच्या खेड्यांतील मुले आमच्यापुढे बसतात. थंडीच्या दिवसांत सातवी-आठवीतील एखादी मुलगी एकाएकी दिसेनाशी होते. चौकशी केली तर कळते की, आईचे ऑपरेशन झाले आहे, भाकरी, पाणी, धाकटी भावंडे सर्व तिच्या अंगावर आहे. आठ दिवसांनी ती आली तर आली. कधी महिनाही जातो. "वडिलांचे ऑपरेशन झाले, सबब रजा मिळावी," असा अर्ज मात्र आमच्या वीस वर्षांच्या नोकरीत एकही आला नाही. ही गोष्ट मास्तराच्या डोळ्यांस दिसते आणि ती दिसूनही मास्तराने न बोलणे हे त्याच्या पेशास शोभत नाही.

आमच्या हजेरीपटाची साक्ष पुरेशी वाटत नसेल त्यांनी सरकारची मोजदाद पाहावी. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत असे दिसले की, आपल्या महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास बायकांचे ऑपरेशन झालेले आहे. आणि ज्या जोडप्यांत नवऱ्याने नसबंदी करून घेतली अशी जोडपी किती? शंभरांत एकसुद्धा नाही. सबंध देशाचा हिशेब पाहिला तर बायकांत शंभरांस सुमारे ३८ आणि पुरुषांत हजारास ३. याच पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एका बाईमागे मुलांची सरासरी १.७ इतकी खाली आली आहे. म्हणजे गरीब लोक फार मुले काढतात म्हणून देश बुडतो, ही शहरी विद्वानांची ओरड आता निकालात निघाली. मुले कमी झाली. पण ती कोणाच्या अंगावरून कमी झाली, हा प्रश्न आहे.

पूर्वीपासून असेच होते, असे जर कोणी समजत असेल तर तेही खरे नाही. मुंबईस रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हे ज्ञान उघडपणे सांगितले, त्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी ठराव आणला की, सरकारने संततिनियमनाचा प्रसार करावा व त्याची साधने लोकांस पुरवावीत. त्या भाषणामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ठराव नापास झाला. पोटभर खाणाऱ्यांच्या घरी हे ज्ञान डॉक्टरांकडून गुपचूप पोचत होतेच. कष्टकऱ्यांच्या घरी ते पोचावे एवढीच मागणी होती, ती सभागृहास पटली नाही. आमचा मुलूख तर तेव्हा निजामाच्या अमलाखाली; येथपर्यंत त्या ठरावाची वार्ता तरी कितपत आली असेल!

देश स्वतंत्र झाल्यावर १९५२ साली सरकारनेच कुटुंबनियोजनाचे काम हाती घेतले. सुरुवातीच्या काळात ऑपरेशन करून घेणारांत पुरुषच पुष्कळ असत. केरळात एर्नाकुलम येथे १९७१ साली एका महिन्याच्या शिबिरात साठ हजारांवर पुरुषांनी नसबंदी करून घेतली. मग हा ओघ आटला कसा? आणीबाणीत तो आटला. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, त्यांत ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या. त्यांतील पुष्कळ धाकाने, पगार अडवून, रेशन अडवून केलेल्या. माणसे आणून देण्याचा आकडा ठिकठिकाणी शाळामास्तरांच्या गळ्यातही बांधला गेला होता. आपल्या शेजारच्या बार्शीत १९७६ च्या जानेवारीत बाजाराला आलेल्या खेडुतांस धरून नेल्याच्या हकीगती त्या वेळी छापून आल्या. त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचे बिल आपल्या राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केले. ते अमलात आले नाही, हे आपले नशीब.

लोकांनी १९७७ च्या निवडणुकीत याचा जाब विचारला, तो योग्यच विचारला. पण सरकारने त्यावरून धडा कोणता घेतला पाहा. कोणाच्याही शरीरावर जबरदस्ती करू नये, हा धडा घ्यावयास पाहिजे होता. घेतला तो असा की, पुरुषाच्या वाटेस जाऊ नये. बाई ओरडत नाही, तिला गाठावे. तेव्हापासून सगळा भार बायकांवर आला. आणि आपण पुरुषांनी काय केले? अन्याय झाला म्हणून ओरडलो, आणि तोच भार बायकोच्या डोक्यावर ठेवून मोकळे झालो. एकाचा जाच चुकविण्यासाठी दुसऱ्याला पुढे करणे, हे तर आपण ज्यांना नावे ठेवतो त्या वरच्या लोकांचेच तंत्र झाले.

आता पुरुष मंडळींची कारणे ऐकू. पहिले कारण पारावर नेहमी ऐकू येते : "नसबंदी केली की माणूस कमजोर होतो, मोट-नांगराचे काम होत नाही." यावर आमचा एकच प्रश्न आहे. शेतकरीदादा, तुम्ही गोऱ्हा बडवता तेव्हा त्याचे पुढे काय होते? त्याचे तर वृषणच निकामी केले जातात, आणि तोच बैल जन्मभर तुमचा नांगर ओढतो! मग ज्या माणसाच्या वृषणाला हातसुद्धा लागत नाही, तो कमजोर कसा होईल? नसबंदी म्हणजे बडवणे नव्हे. वृषणात दोन गोष्टी तयार होतात. एक पुरुषत्वाचा रस. तो थेट रक्तात मिसळतो व पुढेही मिसळत राहतो. दुसरे बीज, ते दोन बारीक नळ्यांतून पुढे जाते. डॉक्टर त्या नळ्या तेवढ्या कापून बांधतो. दाढी-मिशी, आवाज, ताकद, इच्छा यांत काही फरक पडत नाही. वीर्यही पूर्वीसारखेच पडते, फक्त त्यात बीज नसते.

या कामाची बिनटाक्याची रीत ली शुन्चियांग या चिनी डॉक्टरांनी १९७४ साली काढली आणि ती आता आपल्याकडेही चालते. जागा बधिर करतात, कातडीला बारीकसे छिद्र पाडतात, अर्ध्या तासाच्या आत काम होते आणि माणूस त्याच दिवशी पायांनी घरी येतो. दोन दिवस विश्रांती घ्यावी, आठवडाभर जड ओझे व सायकल टाळावी, एवढेच पथ्य. बाईच्या नळ्या मात्र पोटाच्या आत असतात. त्या बांधावयाच्या तर पोटास छेद घ्यावा लागतो किंवा दुर्बीण आत घालावी लागते. पाटाचे दार बांधावर हाताशी असता पाणी बंद करण्यासाठी कोणी विहिरीचे बांधकाम फोडीत नाही. घरातल्या माणसांच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करतो.

बाईचे ऑपरेशन वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. चांगल्या दवाखान्यात, नीट तपासणी करून, तिच्या स्वतःच्या इच्छेने केले तर ते पक्के व भरवशाचे आहे, आणि जी बाई समजून-उमजून ते निवडते तिला कोणी बोल लावू नये. पण घाईगर्दीच्या शिबिराचे काय होते ते छत्तीसगडात बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये दिसले. काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने उरकली आणि त्यांतील १३ जणी दगावल्या. अशी शिबिरे बंद करावीत असा हुकूम सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१६ मध्ये दिला. त्या तेराही जणी गरिबाघरच्या लेकी-सुना होत्या, हे सांगावयास पाहिजे काय?

दुसरे कारण थोडे अवघड आहे, पण बोललेच पाहिजे. "नसबंदी केल्यावरही अमक्याच्या बायकोला दिवस गेले," असे कोणी तरी सांगतो आणि त्या माउलीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडतात. वाचकहो, नीट ध्यानात घ्या. नसबंदी झाल्या दिवसापासून लागू पडत नाही. नळीत आधीचे बीज शिल्लक असते. ते निघून जाण्यास तीन महिने लागतात. तोपर्यंत निरोध वापरावा आणि तीन महिन्यांनी दवाखान्यात वीर्य तपासून घ्यावे. तपासणीत बीज नाही असे कळाले म्हणजे काम पुरे झाले. ही तपासणी जो करीत नाही आणि मग बायकोवर संशय घेतो, त्याने आपल्या आळसाचा दंड तिच्या अब्रूवर बसविला असे आम्ही म्हणू. क्वचित, अगदी क्वचित, नळी आपोआप जुळतेही. म्हणून संशय घेण्याआधी पुन्हा तपासणी करावी.

आता मुख्य गोष्ट. ऑपरेशन, मग ते कोणाचेही असो, हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आपल्याकडे पोरीचे लग्न लवकर होते. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी शंभरांत सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आहे, असे वर सांगितलेलीच पाहणी म्हणते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पहिले मूल, लागलीच दुसरे, आणि बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ऑपरेशन. येथे तिची कहाणी आटोपली! एवढ्या लहान वयात कायमचे दार बंद करणे किती जोखमीचे आहे, हे आपल्या भागाला सांगावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि उमरगा-औशाकडील गावांवर भूकंपाचा घाला पडला. ज्या माउल्यांची लेकरे ढिगाऱ्याखाली गेली त्यांत ऑपरेशन झालेल्याही होत्या. बांधलेली नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच अशी हमी नसते. म्हणून दोन मुले झाली तरी धाकटे चार-पाच वर्षांचे होईतो पाळणा लांबविण्याची साधने वापरावीत आणि पक्के दार मागाहून बंद करावे, असे आमचे मत आहे.

ही साधने कोणती? ती सरकारी दवाखान्यात व उपकेंद्रावर फुकट मिळतात, पण त्यांची नावेही आपल्या घरांत बोलली जात नाहीत. सबब येथे सांगतो.

नव्या जोडप्यास निरोध सर्वांत सोपा. दर वेळी व नीट वापरला पाहिजे, ही अट. अंगास काही अपाय नाही, आणि एकमेकांपासून होणाऱ्या रोगांपासून राखण करणारे साधन हे एवढेच आहे. 'माला-एन' ही गोळी बाईने रोज एक घ्यावयाची. विसरली तर उपयोग नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईने बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत, तसेच रक्तदाब असणारीने ती घेऊ नये. 'छाया' ही गोळी आपल्याच देशात लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यास दोन, पुढे आठवड्यास एक. ती पाजणाऱ्या बाईसही चालते. पाळी मात्र काही दिवस लांबते. 'अंतरा' हे इंजेक्शन तीन महिन्यांस एक. त्याने पाळी मागेपुढे होते किंवा बंदही होते. त्यास भिऊ नये, पण ते सोडल्यावर दिवस राहण्यास काही महिने उशीर लागतो हे आधी माहीत असावे. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनी बसविता येते, आणि प्रकाराप्रमाणे पाच किंवा दहा वर्षे चालते. नको वाटली त्या दिवशी काढून घेता येते. पहिले काही महिने अंगावरून जास्त जाते, म्हणून जिच्या अंगात रक्त कमी आहे तिने आधी तपासून घ्यावे. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. तेव्हा हे तपासणे सर्वांनाच लागू समजावे.

चूक झाली, निरोध फाटला, तर ७२ तासांच्या आत घ्यावयाची गोळी मिळते. जितकी लवकर घ्यावी तितकी ती गुणकारी. ती रोजची नव्हे, अडचणीची. "मूल पीत आहे तोवर दिवस जात नाहीत," हा म्हाताऱ्या बायकांचा समज अर्धाच खरा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतील, रात्रंदिवस केवळ आईच्याच दुधावर, आणि पाळी अजून आलेली नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तो खरा. एक जरी सुटली तरी साधन पाहिजे. आणि एवढे करूनही नको असता दिवस गेले तर १९७१ च्या कायद्याने सरकारमान्य दवाखान्यात गर्भ काढून घेता येतो. साधन फसले हे कारणही त्या कायद्यास मान्य आहे. झाडपाल्याच्या काडीने जीव धोक्यात घालण्याचे काही कारण उरलेले नाही.

येथे आणखी एका गोष्टीचा इशारा देतो. पिशवी काढणे हा संततिनियमनाचा उपाय नव्हे. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजार ८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. आपल्याकडूनही पुष्कळ जोड्या दर हंगामास कोयते घेऊन जातात. पाळीचा त्रास नको, खाडा नको, "मुले झाली, आता पिशवीचे काय काम," असे म्हणून तरण्या बायकांच्या पोटावर सुरी चालते आणि पुढे हाडे ठिसूळ होऊन त्या चाळिशीत म्हाताऱ्या होतात. कोणी असा सल्ला दिला तर दुसऱ्या डॉक्टरास, तोही सरकारी, विचारल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये.

"मुले ही देवाची देणगी, त्यात माणसाने हात घालू नये," असे म्हणणारेही भेटतात. पाऊसही देवाचीच देणगी आहे. म्हणून कोणी बांध घालीत नाही काय? आणि ज्या सुनेचे पोट फाडताना देव आडवा येत नाही, तो फक्त मुलाच्या ऑपरेशनाच्या वेळीच कसा आडवा येतो? हा देवाचा प्रश्न नसून पुरुषाच्या भीतीचा व आईच्या मायेचा आहे. सासूबाईंस आम्ही हात जोडून सांगतो : तुमच्या लेकाला जपा, पण सुनेलाही कोणी नऊ महिने वाहिले आहे.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्यावे. ज्याचे ऑपरेशन त्याचीच सही लागते. बाईच्या ऑपरेशनास नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही लागत नाही, आणि बाईच्या इच्छेविरुद्ध ते कोणी करू शकत नाही. तांबी बसविताना आधी तिला सांगितले पाहिजे. न सांगता बसविणे हा तिच्यावर अन्याय आहे. कागदावर अंगठा करण्यापूर्वी तो वाचून घ्या. घरात शिकलेली पोर असेल तर तिच्याकडून वाचवून घ्या. शाळेत तिला पाठविले ते याच उपयोगासाठी.

आमचे मागणे फार मोठे नाही. सुगी आटोपली म्हणजे एका संध्याकाळी नवरा-बायकोने दोघांनीच बसावे. आपल्याला आणखी मूल पाहिजे काय, पाहिजे तर केव्हा, आणि तोवर कोणते साधन दोघांस झेपेल, एवढे बोलावे. ठरत नसेल तर आशाताईस किंवा नर्सबाईस दोघांनी मिळून विचारावे. तिला एकटीला पाठवून आपण चावडीवर बसू नये. आणि मुले पुरी झाली असे ज्या दिवशी दोघांस वाटेल, त्या दिवशी पहिले नाव पुरुषाने आपले द्यावे. तिने बाळंतपणे सोसली, गोळ्या सोसल्या, तांबी सोसली. राहिलेले अर्ध्या तासाचे काम तरी मालकांनी करावे. समता, न्याय असे मोठे शब्द आपण सभांतून ऐकतो. त्यांची सुरुवात आपल्याच घरातून आणि एवढ्या लहान गोष्टीपासून होऊ शकते.

येत्या हंगामात "बापाचे ऑपरेशन झाले, सबब दोन दिवस रजा मिळावी," असा अर्ज आमच्या शाळेत आला, तर तो आम्ही मोठ्या आनंदाने मंजूर करू.

— एक शाळामास्तर, मुरुम